एक्केचाळीस दारं आणि एक टाकी

पुण्यातली नोकरी गेली तेव्हा मी गावात सांगितलं, घरून काम करायची परवानगी मिळाली. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडच्या अलीकडे, फाट्यावर उतरून आत दोन किलोमीटर. असं खोटं गावात आठ दिवसही टिकत नाही, पण तोंडावर कोणी बोललं नाही. मी रोज सकाळी ओट्यावर लॅपटॉप उघडून बसायचो आणि माय, पोरगं कामात आहे म्हणून, पावलांचा आवाज न करता मागून जा-ये करायची. काम कसलं डोंबलाचं. मी मुलाखतीत विचारतात तसली प्रोग्रामिंगची कोडी सोडवत बसलेलो असायचो.

कोडी लहान असायची. काही बिंदू दिलेत, त्यातले सगळ्यात जवळचे दोन शोधा. काही बिंदू दिलेत, त्यातला असा एक शोधा की बाकीच्या सगळ्यांपासूनच्या अंतरांची बेरीज कमीत कमी येईल. आठवीत शिकलेलं पायथागोरस आणि थोडं डोकं, एवढ्यात काम भागतं. मला खोड होती ती बारा ओळींचं उत्तर तीन ओळींत बसवायची. एका मुलाखतीत समोरच्या माणसानं माझं उत्तर पाहिलं आणि म्हणाला, बरोबर आहे, पण दुसऱ्या कोणाला वाचता येईल का हे? मला त्याचा इतका राग आला की पुढचे दोन प्रश्न मी धड ऐकलेही नाहीत. नोकरी अर्थातच मिळाली नाही. मी मात्र आठवडाभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो.

एप्रिल लागला आणि गावात टँकर सुरू झाला. दिवसाआड यायचा आणि ग्रामपंचायतीच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीत पाणी ओतून जायचा. टाकीला खाली तीन तोट्या. ही टाकी ठेवलेली होती गावाच्या पार वरच्या टोकाला, बरडाला लागून, जिथे माझी आत्या राहायची. आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. नवरा गेल्यावर गावात परत आली आणि भावाच्या घरात न राहता वर दोन टिनाच्या खोल्या बांधून एकटीच राहिली. माझा बाप गेला तेव्हाही आमच्याकडे तेरा दिवस राहिली आणि चौदाव्या दिवशी वर निघून गेली. सत्तरीच्या पुढची होती. तिच्या पलीकडे घर नव्हतं.

म्हणजे अख्खं गाव हंडे घेऊन त्या टोकाला जायचं आणि भरून परत यायचं. मी ओट्यावरून हे रोज पाहत होतो. चार दिवस पाहिलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. टाकी चुकीच्या जागी होती, आणि हे तर माझंच कोडं होतं. घर म्हणजे बिंदू. अंतरांची बेरीज कमीत कमी.

मला कोणी विचारलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो की मी गावाच्या उपयोगी पडलो.

मोबाईल घेऊन मी दारोदार फिरलो. प्रत्येक दारात उभं राहायचं, अक्षांश-रेखांश उतरवून घ्यायचे, पुढे जायचं. कुलूप नसलेली एक्केचाळीस दारं निघाली. बाया विचारायच्या, काय मोजून राह्यला बापू, रस्ता होते का काय? मी म्हणायचो, होईल, होईल. आत्याच्या दारात गेलो तेव्हा ती सुपात तूर पाखडत होती. तिनं मला बसायला गोणपाट टाकलं आणि चहा ठेवला. मी चहा घेतला, आकडे लिहिले आणि उठलो. काय मोजतोस म्हणून तिनं विचारलं नाही.

कोड चार ओळींचं झालं. एका दारापासून बाकी सगळ्या दारांची अंतरं काढ, त्यांची बेरीज कर, असं प्रत्येक दारासाठी कर, आणि ज्याची बेरीज सगळ्यात लहान ते दार सांग. मी आणखी एक ओळ वाचवली. तीन ओळी. एंटर दाबायच्या आत उत्तर आलं म्हटलं तरी चालेल. पिठाच्या गिरणीचं दार, समोर मोकळी जागा. आमच्या घरापासून दोन दारं सोडून.

सरपंच आमच्या नात्यातले, माझ्या बापाच्या वयाचे. त्यांना मी लॅपटॉपवर गावाचा नकाशा दाखवला, एक्केचाळीस ठिपके दाखवले, आत्ता गाव एका खेपेला सगळं मिळून किती चालतं आणि टाकी हलवल्यावर किती चालेल ते दाखवलं. फरक जवळजवळ निम्म्याचा होता. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. "गिरणीपाशी मन्तं तू," ते म्हणाले. "तुमच्या घराजवळ."

मी तडकलो. म्हटलं, काका, मी आणलेली नाही तिथे, गणितानं आणली आहे. पाहिजे तर पुण्याच्या कोणालाही दाखवा.

"नाई बाप्पा, मी कुठी काय मनलं," ते म्हणाले. "मले दोन दिस दे. इचारतो."

दोन दिवसांनी चार गड्यांनी रिकामी टाकी उचलून खाली आणली, गिरणीसमोर दगडांचा ओटा रचला आणि टाकी बसवली. पाराजवळ बसणारे मला पाहून हसले. "वा रे इंजिनेर. कॉम्प्युटरले बी बरोबर तुयंच घर सापडलं." मी तिथेच उभं राहून त्यांना बेरीज समजावून सांगितली. ते माना हलवत होते, हाव हाव म्हणत होते, आणि हसत होते. मला वाटलं, अडाण्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही. ह्या वाक्याची आज इतकी लाज वाटते की ते लिहायलाही नको वाटतं.

आत्या आता वरून खाली यायला लागली. रिकामा हंडा घेऊन उतरायची आणि भरलेला घेऊन चढायची. चढ माझ्या गणितात नव्हता. कागद सपाट असतो, गाव नसतं, हे मी कधी मनातच आणलं नाही. पहिल्या आठवड्यात मी तिच्या हातून हंडा घेतला आणि वर नेऊन दिला. दुसऱ्या वेळी म्हणाली, तुयं काम सोडून कशाले येतं. माझं काम. मी खरंच घरी येऊन मुलाखतीच्या कोड्यांना बसलो.

मग मी दोन-तीन दिवसांआड एक चक्कर टाकायचो. आत्या, पाणी आहे ना? हाये ना, हे काय. आणि खरंच, हंडा काठोकाठ भरलेला असायचा, वर झाकण, झाकणावर पितळी गडू उपडा घातलेला. कळशीही भरलेली. मी समाधानानं खाली यायचो. भरलेला हंडा म्हणजे पाणी आहे, असं माझं सरळ गणित. तो हंडा भरलेला आहे कारण त्यातलं पाणी कोणी पीत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मे महिन्याच्या मधे एका दुपारी ती दारातच चक्कर येऊन पडली. जीपमध्ये घालून आम्ही तिला बुलढाण्याला नेलं. मागच्या सीटवर तिचं डोकं मायच्या मांडीवर होतं. ओठ पापुद्र्यासारखे सुटलेले. दवाखान्यात सलाईन लावलं, रक्त तपासलं. संध्याकाळी डॉक्टर आल्या, लहान वयाच्याच होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी खाली वाकून विचारलं, "आजी, दिवसाला पाणी किती पिता?"

"पेतो ना."

"किती?"

"सकायी एक गिलास. जेवल्यावर एक." मग त्या बाईला समजावं म्हणून म्हणाली, "हंडा चार दिस पुरवा लागते, माय. चढ लय हाय." आणि मी पलंगाच्या पायथ्याशी उभा आहे हे तिच्या लक्षात आलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं, जणू तिच्याच हातून काही चूक झाली.

मूत्रपिंडं आधीपासूनच अधू होती, वय होतं, उन्हाळा होता, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मला वाईट वाटू नये म्हणूनही सांगितलं असेल. नवव्या दिवशी आत्या गेली.

दहावं झालं त्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. तीच एक्केचाळीस दारं, त्याच तीन ओळी. त्यात बेरीज सांगणारा एक शब्द होता, तो काढला आणि त्याजागी सगळ्यात मोठं अंतर सांगणारा शब्द घातला. म्हणजे आता प्रश्न असा झाला की ज्याला सगळ्यात लांब पडतं त्याला कमीत कमी लांब पडेल अशी जागा कोणती. एका शब्दाचा फरक. उत्तर गिरणीपासून उठलं आणि वर सरकलं, चढाच्या निम्म्यात, आत्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मी तिथेच बसून रडलो. माय आत भांडी आवरत होती, तिनं भांडी वाजवायची थांबवली, पण बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरपंचांकडे गेलो. म्हटलं, माझी चूक झाली, टाकी वर न्या.

ते दाढी करत होते. तोंडाला साबण तसाच ठेवून म्हणाले, "आता कोनासाठी वर नेतं? घराले कुलूप हाय."

त्यांनी तोंड पुसलं, मला बाजेवर बसवलं. मग जे सांगितलं ते मी त्यांच्या शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांवरचा माझा भरवसा उडाला आहे.

"तुले ठाव नाई, तू शिकाले बाहेर होता. आपल्या गावात टाकी कधी मोजून ठेवली नाई. उन्हाया लागला का आमी पाराजवळ बसतो आन इचारतो, या साली कोनाच्यानं पानी उचलत नाई. त्याच्या दारी टाकी. बाकीच्याइले पाय हायेत. आंधी खाली मशिदीजवळ होती, तो लंगडा दर्जी होता तवर. तो गेला, मंग तुया आत्याच्या दारी नेली. पाच-सहा साल झाले."

मी विचारलं, मग मला सांगितलं काऊन नाही? मी इतक्या तावातावानं बेरीज सांगत होतो तेव्हा एकानं तरी सांगायचं.

सरपंचांनी पंचा खांद्यावर टाकला. "तू बेरीज सांगे, पन आमाले वाटलं पोरगं लाजून राह्यलं. सरळ सांगू शकत नाई मनून कॉम्प्युटर दाखवते."

"काय सांगू शकत नाही?"

"मायचं."

मला कळलं नाही. त्यांना ते दिसलं असावं, कारण त्यांनी पुढचं हळू सांगितलं. "तुया मायचे गुडघे गेले ना बाप्पा. तीन साल झाले. वरतून हंडा आनताना दोनदा बसे ती रस्त्यात. साऱ्या गावानं पाह्यलं हाय. तुया आत्याचा नंबर चालू होता मनून तिनं तोंडातून शबूद काढला नाई. मंग तू आला, आन टाकी तुमच्या दारापाशी मांगितली. आमी मनलं, पोराले मायची कदर हाय. मी त्या दोन दिसांत वर गेलो, तुया आत्यालेच इचारलं. तिचा नंबर होता, तिलेच इचारा लागे."

"काय म्हणाली?"

"खुश झाली. मने, एवढं शिकूनसवरून पोरगं मायचा इचार करते. न्या टाकी. मायं मी पाहून घेईन. आन त्याले सांगू नका मने, त्याले वाईट वाटीन."

मी घरी आलो. माय गिरणीसमोर टाकीपाशी होती. तोटीखाली हंडा भरला, तिनं तो उचलून दगडावर ठेवला, दगडाला हात टेकून थांबली, मग दुसऱ्या दमात कमरेवर घेतला. उजवा पाय टाकताना ती ओठ आत घेत होती. पाच महिने मी त्या ओट्यावर बसलो होतो. ती माझ्यासमोरून रोज असंच चालत गेली असणार. मी जाऊन हंडा घेतला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे, तुयं काम असीन."

मी तिला सांगितलं की मला काम नाही, डिसेंबरपासून नाही. ती म्हणाली, मालूम हाय.

मग मी तिला सांगायचा प्रयत्न केला की टाकी मी तिच्यासाठी आणली नव्हती, तिचे गुडघे मला माहीतही नव्हते, आत्याला उगीच वाटलं, गावाला उगीच वाटलं. पण तिनं घराकडे चालायला सुरुवात केली होती, हात मोकळे होते तरी सावकाश, आणि समोरून येणाऱ्या बाईला ती सांगत होती की पोरानं आणली हो टाकी, मायासाठी.

मी मागून हंडा घेऊन चालत राहिलो.