गाळलेला आकडा
स्पिरिटच्या बोळ्याचा वास आला की मला राई गावातला तो ओटा आठवतो. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी बायकांचं हिमोग्लोबिन तपासत होते. एक गट राईतल्या मासळी विकणाऱ्या बायकांचा, दुसरा मीरा रोडच्या टॉवरमधल्या गृहिणींचा. दोन्ही सरासऱ्यांमध्ये खरोखर फरक आहे की तो नुसता योगायोग, हे टी-टेस्ट लावून दाखवायचं होतं. ओट्यावर सुकट पसरलेली होती, खाडीवरून खारट वारा येत होता. एका बाईने पदराला हात पुसून बोट पुढे केलं आणि विचारलं, “माजं रगत कसं हाय गं? टोपली उचलली की डोल्यांपुढं अंधारी येते.” “सगळ्यांचं झालं की सांगते, मावशी,” मी म्हटलं. तिचा आकडा इतका खाली आला की बाकीचे सगळे एकीकडे आणि तो एकटा दुसरीकडे. त्याच्यामुळे गटातली तफावत इतकी वाढली की टेस्टमध्ये फरक काही सिद्ध होईना. शेवटी मशीनची चूक म्हणून मी तो गाळला, पुन्हा टेस्ट लावली आणि फरक सिद्ध झाला. मशीनची चूक नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी तिला दोनदा सुई टोचून खात्री केली होती. पास झाल्यावर मी पेढे वाटले, पण तिला आकडा सांगायला राईला काही परत गेले नाही. काल पेणकरपाड्यातल्या लॅबमध्ये माझंच रक्त दिलं. रिपोर्ट हातात ठेवताना तिथली मुलगी म्हणाली, “मॅडम, हिमोग्लोबिन खूप कमी आहे हां, आजच डॉक्टरांना दाखवा.” एवढं सांगायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही.