कढईतला हिंग

लेकीला आज गृहपाठात सारख्या दिसणाऱ्या शब्दांचे अर्थ लिहायचे होते. ‘शिंग’ तिला आलं, पण हिंग आणि डिंक यांवर गाडी अडली. मी दोन्ही डबे तिच्या नाकाशी धरले आणि हिंगाच्या वासासरशी आमचं करंजाड्यातलं जुनं घर आठवलं.

तेव्हा ही महिन्याचीही नव्हती. माझी आई आदल्याच वर्षी गेली होती. बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यायचे असतात, एवढं नवऱ्याला ठाऊक होतं. त्याने कौतुकाने तूप तापवलं आणि डिंक समजून खडा हिंग तळायला घेतला. तो फुलायची वाट बघत ढवळत राहिला. वास पार जिन्यापर्यंत गेला, बाळ शिंकायला लागलं आणि मला आईच्या आठवणीने रडूच फुटलं.

समोरच्या घरातल्या खाला, आमच्या शेजारच्या मावशीच, धावत आल्या. त्यांचा नवरा कुवेतला, मुली सासरी.

“या अल्ला! हिंग तळलास काय रे?” हसत हसत त्यांनी खिडक्या उघडल्या. मग पलंगाशी येऊन माझ्या कानांवरून ओढणी घट्ट बांधली. “वारं लागेल. रडू नको बेटा, लाडू मी करते.”

संध्याकाळी कोमट लाडू आले. मी खाईपर्यंत खाला समोरून हलल्या नाहीत.

लेकीने वहीत लिहिलं, हिंग म्हणजे मसाला, डिंक म्हणजे झाडाचा चीक. बरोबरच आहे. पण आमटीत हिंग पडला की माझा हात अजून कानाकडे जातो, ओढणी नीट आहे ना बघायला.