दगडूबा वस्ताद आणि माझी कवायत

१९४६ साली मी पलटणीतून डिस्चार्ज घेऊन गावी आलो. हुद्दा हवालदार. कळमनुरी तालुक्यात, पैनगंगेच्या काठी आमचं गाव. अलीकडे निजामाचं राज्य, पल्याड वऱ्हाड. उन्हाळ्यात नदी गुडघाभर असायची आणि गुरं रोज या राज्यातून त्या राज्यात चरायला जायची.

पलटणीत जायच्या आधी मी लाठी शिकलो होतो दगडूबा वस्तादांकडे. मारुतीच्या पाराशेजारी त्यांची तालीम. वस्ताद शिकवताना बोलत नसत. पहिला पवित्रा दाखवायचे आणि स्वतः घोंगडीवर जाऊन बसायचे. पाय चुकला की उठून यायचे, काठीचं टोक घोट्याला लावायचे, परत जाऊन बसायचे. पुढचा पवित्रा कधी, असं विचारणाऱ्या पोराला त्या दिवशी काठीच मिळत नसे. माझं पहिलं वर्ष नुसत्या पायांवर गेलं.

ट्रेनिंग सेंटरमध्ये सगळं उलटं. तिथं इन्स्ट्रक्टरला उस्ताद म्हणत. आमचे उस्ताद हवालदार जगताप, साताऱ्याकडचे. बायोनेटचा, म्हणजे संगिनीचा, पिरियड त्यांचा. एक म्हटलं की ऑन गार्ड, दोन म्हटलं की पॉइंट म्हणजे भोसकणं, तीनला विड्रॉ म्हणजे उपसून घेणं. प्रत्येक हालचालीला नंबर आणि नंबर इतक्या मोठ्यानं की परेड ग्राउंडच्या पलीकडे ऐकू जावा. त्यांचं म्हणणं होतं, लढाईत डोकं चालत नाही, तेव्हा कानात माझा आवाज पाहिजे. महिनाभरात त्यांनी कोकणातले, घाटावरचे, आमच्याकडचे अशा सगळ्यांना एकसारखं हलायला लावलं. पुढे ब्रह्मदेशात एका पहाटे मला खरोखर त्यांचा आवाज ऐकू आला आणि मी जगलो. त्यामुळे त्या पद्धतीवर माझा विश्वास होता.

१९४८च्या उन्हाळ्यात आमच्या भागात हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या. शेजारची दोन गावं लुटली गेली. पाटलांनी मला बोलावलं आणि पोरांना तयार करा म्हणाले. बंदूक गावात एकही नव्हती. मी संध्याकाळी पोरं ओळीत उभी केली आणि जगताप उस्तादांसारखी कवायत सुरू केली. चार वार, चार नंबर, माघारीचा एक हुकूम.

वस्ताद पारावरून बघत होते. आठवडाभर बघितलं आणि मग मला बोलावून म्हणाले, "हवालदार, तुमी पोरायला काठी न्हाई शिकवून राहिले. हुकूम ऐकायला शिकवून राहिले."

मी म्हणालो, वस्ताद, वर्षभर पाय घोटायला आता वेळ कुठंय. दुसऱ्या दिवसापासून सकाळची तालीम त्यांनी सुरू केली. पोरं सकाळी त्यांच्याकडे, संध्याकाळी माझ्याकडे. बहुतेकांना माझी कवायत आवडायची, कारण तिच्यात काहीतरी आल्यासारखं लगेच वाटे. वस्तादांकडे टिकले तिघेचौघे.

त्यातला एक थावरू राठोड, आमच्या शिवारातल्या तांड्यावरचा. विशीतला, अंगानं सडपातळ, बैलांमागं चालून पाय मोठे चिवट झालेले. त्याला दोन्हीकडचं हवं असायचं. मला विचारायचा, हा वार असाच काहून, उलट्या हातानं का न्हाई? जगतापांना असं विचारलं असतं तर रायफल डोक्यावर धरून धावावं लागलं असतं. मी मात्र त्याला उत्तर द्यायचो. कधी कधी उत्तर द्यायला मला रात्रभर विचार करावा लागे.

मृग लागायच्या आधी, एका सकाळी नऊच्या सुमारास, डोंगराच्या बाजूनं टोळी आली. काही घोड्यांवर, बाकी पायी. हातात तलवारी, भाले आणि थोड्या ठासणीच्या बंदुका. ठरल्याप्रमाणे बाया, लेकरं आणि म्हातारी माणसं पांधणीच्या अरुंद गाडीवाटेनं नदीकडे निघाली. मी पोरांची लाइन वेशीबाहेर उभी केली.

पहिला बार झाला आणि लाइन हलली. मी ओरडलो, "जागेवर!" पोरं थांबली. पुढचे दोघे अंगावर आले तेव्हा मी नंबर दिले आणि पोरांनी बरोबर वार केले. पण ते पसरून दोन्ही बाजूंनी येऊ लागले. लाइन मोडणार हे दिसत होतं. मी माघारीचा हुकूम दिला. पोरं पळाली नाहीत, तोंड शत्रूकडे ठेवून मागं सरकली.

पांधणीच्या तोंडाशी वस्ताद उभे होते. दोन्ही बाजूंनी निवडुंगाची दाट कुंपणं, मधे एका बैलगाडीपुरती वाट. थावरू त्यांच्या डाव्या हाताला. मी पोरांना तिथं उभं करू लागलो तसे वस्ताद म्हणाले, "इथं लाइनला जागा न्हाई. पोरायला घेऊन नदीवर जा. बाया अजून पाण्यात हायेत."

"तुमी दोघंच?"

"दोघायपुरतीच जागा हाय."

जागा खरंच तेवढीच होती. मी पोरं घेऊन नदीवर गेलो. त्यांनी लेकरं खांद्यावर घेतली, म्हाताऱ्यांना हात दिला. काठावरून मला पांधणीचं तोंड दिसत होतं. वस्तादांची काठी फिरत होती आणि तिच्या घेऱ्यात कुणी येऊ शकत नव्हतं. सत्तरीच्या जवळचा माणूस. पाय एकदाही चुकला नाही. थावरू त्यांच्या मागं अर्धं पाऊल राहून, निसटून पुढं येणाऱ्याला माझ्या कवायतीतला दुसरा वार मारत होता, उलट्या हातानं.

शेवटची बाई पलीकडे पोचली तेव्हा पुन्हा बार झाला. वस्ताद बसले. नंतर थावरूनं सांगितलं, की ते म्हणाले, "जाय." तो गेला नाही. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा तो निघाला. नदीच्या मध्यावर त्याच्या पाठीत गोळी लागली. मी आणि आणखी एकानं त्याला ओढून वऱ्हाडाच्या काठावर आणलं. टोळी पाण्यात उतरली नाही.

थावरू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होता. शुद्धीवर होता. मला म्हणाला, हवालदार, वस्ताद माझ्याशी बोलले. दोनदा बोलले. त्याची आई उशाशी बसली होती. तिला याचा अर्थ कळला नाही, मी सांगितला नाही.

वस्तादांचा देह आम्हांला तिसऱ्या दिवशी मिळाला. दोघांनाही पैनगंगेच्या काठावर अग्नी दिला. वस्तादांच्या बायकोनं मला एवढंच विचारलं, ते पडले तेव्हा तोंड कुणीकडं होतं? मी म्हणालो, पाठ नदीकडं होती, आपल्या माणसांकडं, आई. तिनं मान हलवली आणि बायांमध्ये जाऊन बसली.

पावसाळा संपता संपता राज्य बदललं आणि तोवर वऱ्हाडात राहिलेले आम्ही घरी परतलो. माझ्या पलटणीतल्या पडलेल्यांची नावं सेंटरमध्ये दगडावर कोरलेली आहेत, पुढे लढाईत पडलेल्या जगताप उस्तादांचंही त्यात आहे. या दोघांचं नाव कुठं नाही. ते सैनिक नव्हते, असं कागदावर म्हणता येईल. मी दोन्हीकडं होतो, म्हणून लिहून ठेवतो. दगडूबा वस्ताद, राहणार आमचं गाव. थावरू राठोड, राहणार तांडा. त्या सकाळी जेवढी माणसं नदी उतरली, तेवढी सगळी पलीकडं पोचली.