पंखवाली कुणाची?

रियाधच्या बत्हा भागात, एका सोनाराच्या दुकानामागे केरू बाबर सोनं गाळतो. आटपाडीचा गलाई. बाप गाळायचा, आजाही गाळायचा. बापाने शिस्त घातली होती: दागिन्यावर देव असेल तर मालकाला तीनदा विचारायचं, 'गाळू का?' तिन्ही वेळा हो आलं, तरच मुशीत टाकायचं. सौदीत अकरा वर्षं झाली, तशी वेळ आली नव्हती.

परवा उमामा नावाच्या बाईंनी आजीची माळ मोडायला आणली. मधोमध जुनं सोन्याचं नाणं. एका बाजूला दाढीवाला पुरुष. दुसरीकडे पंख असलेली बाई, आणि तिच्या पायाशी हात मागे बांधलेला माणूस.

केरूने घरी बायकोला फोन लावला.

"अगं, पंखांची देवी असती का कुठली?"

"कुनाला दिसली?" आनंदीबाई दचकल्या.

"नाण्यावर. पायाशी एकजण हाय."

"मग म्हैसासुर असंल."

"शिंगं न्हाईत. रडतोय."

"राक्षस रडतोय? अवो, जेवलासा का?"

इतक्यात काउंटरवरचा हैदराबादी तौकीर मोबाईल नाचवत आत आला. "केरूभाई, रोमन है! जंग जीती, सिक्का निकाला. ये औरत उनकी जीत की देवी."

"और ये?"

"हारा हुआ."

"देवी को अब कौन पूजता?"

"कोई नहीं."

"तो देवी है की नहीं?"

"मेरे कू क्या मालूम! यल्ला, जल्दी, मॅडम बैठी है."

केरू मूस खाली ठेवून बाहेर आला. "पूछ, गाळू क्या?"

तौकीरने अरबीत विचारलं. हो.

"फिर पूछ."

हो. बाई हसल्या.

"फिर."

"आता पुन्हा का?" बाईंनी विचारलं. तौकीरने केरूकडे बोट केलं.  केरूने नुसतं भिंग पुढे केलं.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. "आजी ही बाजू कायम आत ठेवायची. आम्ही दाढीवालाच बघितला." मग हळूच, "हा रडतोय का?"

केरूने हो म्हणून मान हलवली. बाईंनी नाणं माळेतून सोडवलं, पर्समध्ये ठेवलं. उरलेली माळ तेवढी पुढे सरकवली.

संध्याकाळी आनंदीबाईंचाच फोन.

"गाळली का वो देवी?"

"न्हाई."

"बरं झालं बाई."

"व्हय. पर वाचवलं कुनाला? तिला, का त्याला?"



"जेवलासा का पन?"