पैऱ्याचं नेटवर्क

कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत पाच घरांचे कॉम्प्युटर मी गच्चीवरून वायर टाकून एकमेकांना जोडले. मधे मुख्य मशीन असं ठेवलंच नाही. शेतातल्या पैऱ्यासारखा कारभार: आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही. हवं ते दुसऱ्याकडून घ्यायचं आणि घेतलेलं इतरांसाठी जपून ठेवायचं.

शेजारच्या काकूंचे यजमान जत्रेतल्या कुस्त्यांचं निवेदन करायचे. त्यांची रेकॉर्डिंगं काकूंनी हौसेनं बाकीच्या चारही घरांना दिली. पुढं काका गेले, पण त्यांचा आवाज गल्लीत राहिला.

मग गोतावळा वाढला. 'आमचीबी वायर जोडा की' म्हणणाऱ्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. मागची गल्ली आली, उसाच्या कडेच्या नव्या इमारती आल्या. एक फाईल हवी असली की मशीन शेजारच्या मशीनला विचारतं, ते त्याच्या शेजाऱ्याला. पाच घरांत हे झटक्यात व्हायचं. आता वायरीतून फायली कमी आणि हाकाच जास्त धावू लागल्या. शिवाय चोरून उतरवलेले सिनेमे आणि लग्नांचे व्हिडिओ. आपलं उतरवून झालं की मशीन बंद. विचारलं तर, "लाईट बिल आमचं येतंय न्हवं?" या आयत्या बिळावरच्या नागोबांची मला किळस यायला लागली.

अशात वळवाच्या विजेनं काकूंचा कॉम्प्युटर जळाला. काकांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं आणि त्या दिवशी काकूंना त्यांचा आवाज लावायचा होता. तरी काकू निर्धास्त होत्या.

"माझ्याकडचं गेलं तर जाऊ दे. गल्लीभर हाय की."

मी मशीनला काकांचं रेकॉर्डिंग शोधायला लावलं. दिवसभर पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. शेवटी वैतागून घरोघर गेलो. पहिल्या पाचांतल्या बाकीच्या चार घरांपैकी माझ्यासकट प्रत्येकानं जागा करायला ते पुसलं होतं, दुसऱ्याकडं असेलच या भरवशावर. नव्यांनी तर ते कधी घेतलंच नव्हतं. कोपऱ्यावरच्या दूधवाल्यानं तेवढा एक तुकडा मोबाईलच्या रिंगटोनला कापून ठेवलेला. तो घेऊन आलो.

श्राद्धाच्या दिवशी काकूंच्या सोप्यात तो लावला. "बसा खाली मंडळी, बसा! पोरानं पट काढलाय, आता बघा..." इथंच तुटला. जेवायला आलेली सगळी वायरवाली मंडळी बुंदी चघळत बसली होती.

काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या, "फुडचं लाव की."