रोज सकाळी दसरा

मंगरूळपीरच्या वेशीबाहेर पुंजाजी माळ्याचा मळा होता. त्याची बायको रुख्मिणी भाजीची पाटी घेऊन रोज आमच्या दारी यायची. लहानपणी मोटेचं लाकूड तिच्या डोक्यात बसलं होतं. जखम भरली, पण तेव्हापासून फेफरं यायचं. तिला त्याची लाज नव्हती. मी घासाघीस करू लागले की म्हणायची, "भाव पाडू नका बाई, नाई तं इथंच फेफरं येईन मले."

"येऊ दे. तुझ्याच पाटीतला कांदा हुंगवते," मी म्हणायचे, आणि दोघी हसायचो.

माझं हसणं वरवरचं असे. माझ्या लेकीला, ललितालाही तोच आजार होता. दवाखान्यातले डॉक्टर दोघींना फेनोबार्बिटोनच्या गोळ्या देत. आधीच्या ब्रोमाइडला रुख्मिणीचा आजार बधला नव्हता. या गोळ्यांनी झटके कमी झाले, पण थांबले नाहीत. तिला विहिरीवर कोणी एकटीला जाऊ देत नसे. "घरची विहीर, न पानी दुसऱ्यानं शेंदून द्यावं," ती म्हणायची. ते तिला फार लागायचं.

म्हणून त्या वर्षी ती देवीला नवस बोलली: हे फेफरं ने, नऊ दिवस धान्याचा कण तोंडात घालणार नाही. घट बसायच्या आदल्या दिवशी एक गोळी तिच्या ओल्या हातात विरघळली. चिमटीत मळून पाहिली, तर कणकेसारखी चिकट. "हे तं पीठ व्हय," ती सासूला, हौसाबाईला म्हणाली. ते खोटंही नव्हतं, गोळी बांधायला पीठ घालतातच. दोघींनी गोळ्यांची पुडी नऊ दिवसांसाठी देवळीत ठेवून दिली.

पाचव्या माळेला भर दुपारी ती आमच्या ओसरीवर पाटी उतरवता उतरवता कोसळली. वांगी अंगणभर झाली. झटका ओसरला, तशी ती डोळे उघडेल म्हणून मी वाट पाहू लागले. डोळे उघडले नाहीत. दुसरा झटका आला, मग तिसरा. ललिता दाराच्या चौकटीला धरून सगळं पाहत होती.

पुंजाजी आणि हौसाबाई धावत आले. कोणी तिच्या नाकाशी चप्पल धरली, कोणी मुठीत किल्ली कोंबली. डॉक्टरांनी येताच ते सगळं दूर केलं आणि तिला कुशीवर वळवलं.

"गोळी चालू होती ना?"

"उपास हाय तिचा," हौसाबाई म्हणाली.

"उपासाचं नाही विचारलं. गोळी?"

"गोळीत पीठ असते न, सायेब."

डॉक्टर पेटी उघडून सुई भरू लागले. मग मला हळू आवाजात म्हणाले, "रोजच्या औषधाची सवय झालेला मेंदू ते एकदम तोडलं की असा उसळतो. मध्ये शुद्ध आली असती तर वाट पाहता आली असती. जितका वेळ जाईल तितका मेंदू होरपळेल, आणि तितकं औषधही लागू पडणार नाही."

सुई दिली, पुन्हा दिली. झटके थांबेनात. मग पॅराल्डिहाइड तेलात मिसळून गुदद्वारातून घातलं. तो उग्र, आंबट वास ओसरीच्या भिंतीत शिरला तो अजून मला अवचित येतो. अंग तापलं होतं. मी ओली फडकी बदलत राहिले. शेवटी क्लोरोफॉर्मचा रुमाल धरावा लागला. दिवेलागणीला तिचं अंग सैल पडलं.

दसरा उलटून गेल्यावर तिने डोळे उघडले. पुंजाजीला म्हणाली, "अवो, घट बसले काय?"

ती वाचली, पण तिच्यासाठी दिवस तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशीही तिने तेच विचारलं, तिसऱ्याही. आणि रोज गोळी पुढे केली की तोंड फिरवायची. "आज उपास हाय मले." दुधात घातली तर कडू लागून थुंकायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, एक दिवसही चुकता कामा नये. पुन्हा असं झालं तर हाताशी काही उरलेलं नाही.

तेव्हा पुंजाजीने बांधावरच्या आपट्याचं पान तोडून तिच्या हातावर ठेवलं. "सोनं घे, रुख्मे. घट उठले."

तिने ते डोळ्यांना लावलं, वाकून त्याच्या पायांना हात लावला, आणि उपास सोडावा तशी गोळी घेतली. मग रोज सकाळी त्यांच्या घरी दसरा होऊ लागला.

चैत्रात मी मळ्यात गेले होते. आपटा निष्पर्ण झालेला. पुंजाजीने जपून ठेवलेलं पान काढलं.

"हे वाळलं काहून?" ती म्हणाली.

"दसरा होऊन लय दिस झाले."

"मंग मी कुठं होती?"

पुंजाजीने पान तिच्या हातावर ठेवलं आणि गोळी पुढे केली. तिने पान डोळ्यांना लावलं आणि गोळी गिळली. विहिरीच्या बाजूला तिने मानही वळवली नाही.

ललिताला सकाळी गोळी दिली की मी तिला वार विचारते. ती वैतागते. "आई, कालच तर विचारलंस!"

ते 'काल' तिच्या तोंडून निघेपर्यंत माझा हात तिच्या खांद्यावरून निघत नाही.