हेल्मेटमधली काकू

आमच्या काकांनी आयुष्यभर परग्रह रंगवले आणि स्वतः कधी शहराबाहेर पाऊल टाकलं नाही. थिएटरवर अंतराळाचा सिनेमा लागायचा असला की मालक बाहेर टांगायचं कापडी पोस्टर रंगवायला त्यांनाच बोलावणं धाडायचा. काकांनी सिनेमा पाहिलेला नसायचा. हातात दोन-तीन धुरकट फोटो आणि मालकाची ठरलेली अट असायची. "पेंटर, यान कसंही काढा. चेहरा घाबरलेला पाहिजे. बाई कशाला किंचाळतेय ते बघायला लोक तिकीट काढतात." मालक माणूस म्हणून कसाही असो, धंद्यात त्याचं चुकत नसे.

नटीचा फोटो वेळेवर कधीच यायचा नाही. मग हेल्मेटच्या काचेआड काकूची वर्णी लागायची. दुपारची जेवणं आटोपली की काका तिला खिडकीशी बसवत आणि म्हणत, "हं, घाबर."

काकूला मेलं घाबरताच येत नसे. तोंड उघडायची आणि फिस्सकन हसायची. "अहो, समोर काय आलंय ते तरी सांगा!"

"हसणं आटोपलं की हाक मार," म्हणून काका वैतागून पाठ फिरवत आणि रंग कालवत बसत. थोड्या वेळाने ती दमायची, चेहरा उतरायचा, तेवढ्यात ते तिला तोंड उघडायला लावून काम उरकून घेत.

बावीस वर्षं हेच चाललं. काकू सात ग्रहांवर अडकली, राक्षसाने तिला दोनदा गिळलं. आम्ही मुलं शाळेच्या वाटेवर तिला हात करायचो आणि घरी येऊन तिलाच चिडवायचो.

ती चित्रं टिकत नसत. सिनेमा उतरला की कापडाला पांढरा रंग फासायचा आणि त्याच्यावरच पुढचा सिनेमा. फासायचं कामही काकांचंच.

गेल्या वर्षी काकू तापाने गेली, आठ दिवसांत. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर एकही धड सापडेना. कॅमेरा दिसला की ती स्वयंपाकघरात पळायची. काका म्हणाले, "थिएटरात एखादं कापड उरलं असेल, बघ जरा."

गोदामात मोडक्या खुर्च्यांवर टाकलेलं एक मिळालं. मी ते खांद्यावर घालून आणलं आणि गच्चीवर उलगडलं. काचेआड काकू होती. डोळे विस्फारलेले, तोंड किंकाळी फोडायला उघडलेलं. शेवटच्या दिवशी, श्वास लागला तेव्हा, ती अशीच दिसत होती. आणलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

"तोंड तेवढं बदलतो," काका म्हणाले. "हसरं करतो. अर्ध्या तासाचं काम."

चार दिवस गेले. रंगवायचं, पुसायचं, पुन्हा रंगवायचं. एकदा कुठल्यातरी नटीचं हसू उमटलं, एकदा साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचं. पाचव्या दिवशी मी चहा घेऊन वर गेलो, तेव्हा डोळे आणि नाक जागेवर होतं आणि त्याखाली नुसता करडा डाग.

"ती हसली की गालाला काय व्हायचं रे?" काकांनी विचारलं. "खळी पडायची का?"

मी आठवून पाहिलं. इतकी वर्षं एका घरात राहून मला त्या कापडावरचंच तोंड आठवत होतं.

"बावीस वर्षं तुम्ही तिला समोर बसवलीत, आणि मला विचारताय?" मी खेकसलो. खरं तर मी स्वतःवरच चिडलो होतो.

काका ब्रश पुसत राहिले.

"बसवली ना," ते म्हणाले. "पण ती हसायला लागली की मी पाठ फिरवायचो."